निश्चल खोलीचे शिल्पकार : नानाभाई मूस

आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या तासाला आपण सर्वांनीच कधी ना कधी चुंबकसूची हाती घेतली आहे. टेबलावर ठेवली की ती क्षणभर डोलते, मग उत्तर-दक्षिण दिशेत स्थिरावते, आणि गुरुजी सांगतात की आता ती स्थिर झाली. ते सांगणे आपल्या डोळ्यांपुरते खरे असते. प्रत्यक्षात ती सूची कधीच पूर्णपणे स्थिर होत नाही. तिला दिशा देणारे पृथ्वीचे चुंबकक्षेत्रच अहोरात्र बारीक थरथरत असते. ही थरथर इतकी सूक्ष्म असते की ती पाहण्यासाठी आपल्या डोळ्यांहून तीक्ष्ण साधन लागते, आणि त्या साधनाला पूर्णपणे निश्चल अशी जागा लागते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशी जागा उभी करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नानाभाईंचा जन्म १८५९ सालचा, एका पारशी कुटुंबातला. चुंबकशास्त्राच्या इतिहासातही हे वर्ष संस्मरणीय आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावर एक प्रचंड उद्रेक झाला आणि त्यापाठोपाठ पृथ्वीवर आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक वादळ उसळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा आकाशातील प्रकाश उष्ण कटिबंधाजवळच्या प्रदेशांतूनही दिसला. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत निरीक्षक नेहमीप्रमाणे आपल्या दुर्बिणीशी बसून चुंबकाचे वाचन घेत होते. क्षेत्राचे क्षैतिज बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली कोसळल्याची नोंद त्यांनी वहीत केली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, याच वह्यांच्या आधारे शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे बळ नव्याने मोजले. ज्या वह्यांची राखण पुढे आपल्याकडे येणार आहे, त्या वह्यांत एवढी मोठी नोंद झाली त्याच वर्षी नानाभाई जन्मले, हा निव्वळ योगायोग होय. पण चरित्रकाराला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ मिळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन सुरू झाले आणि १८४६ पासून त्याची सलग मालिका बांधली गेली. या वेधशाळेशी मराठी माणसाचा संबंध फार जुना आहे. आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिचे काम पाहिले होते. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे गणितज्ञ म्हणून ख्याती पावलेले आणि लोकमान्य टिळकांचे गुरू ठरलेले केरूनाना, हे १८४० साली वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि सुमारे दहा वर्षे तेथे हवामानाची व चुंबकत्वाची निरीक्षणे करीत राहिले. आज आपल्या वसतिगृहातील दहावीतील मुलाचे जे वय असते, त्याच वयाचा एक मुलगा समुद्राच्या वाऱ्यात त्या कामाला बसला होता, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.

नानाभाईंनी आरंभी मुंबई विद्यापीठाची स्थापत्यशास्त्रातील पदवी संपादन केली आणि पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे विज्ञानाचे शिक्षण घेतले. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले. म्हणजे त्यांच्या ठायी दोन विद्या एकत्र आल्या होत्या. भिंत कशी बांधावी हे त्यांना ठाऊक होते आणि त्या भिंतीच्या आत ठेवलेला चुंबक काय सांगतो हेही त्यांना कळत होते. पुढे त्यांच्या हातून जे मोठे कार्य घडले, त्यात या दोन्ही विद्यांची सारखीच गरज पडली.

१८९६ साली वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी नानाभाईंची नियुक्ती झाली. त्या पदाची कायम सूत्रे हाती घेणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. काळ कठीण होता. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ फुटली आणि शहर ओस पडू लागले. परकीय सत्तेच्या काळात एका भारतीयाला शास्त्रीय संस्थेचे प्रमुखपद मिळणे ही विरळा गोष्ट होती, आणि तेथील प्रत्येक चूक ही त्या एकट्या माणसाची चूक म्हणून मोजली जाणार नव्हती, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नानाभाई त्या पदावर १९१९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे राहिले.

त्यांच्यापुढे उभे राहिलेले संकट समजण्यासाठी ही थरथर म्हणजे नेमके काय, हे थोडे पाहिले पाहिजे. मुंबईच्या आसपास पृथ्वीच्या क्षेत्राचे क्षैतिज बल सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला आहे. ऊन चढते-उतरते तसे तेही दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी वर-खाली होते. या संथ चढउताराच्या अंगावर आणखी बारीक लहरी उमटतात. त्यांना सूक्ष्मस्पंदने म्हणतात. एका स्पंदनाचा काळ सेकंदाच्या पाचव्या भागापासून दहा मिनिटांपर्यंत असू शकतो. त्यांची उंची कधी एका नॅनोटेस्लाहूनही कमी, तर कधी काही दशक असते. चर्चगेटपासून बोरिवलीच्या थोडे पुढे जावे आणि त्या सबंध अंतरात केवळ एका मीटरचा फरक पडला तर तो ओळखावा, असे हे मापन आहे.

या बारीक लहरींकडे प्रथम लक्ष वेधले ते बालफोर स्टुअर्ट यांनी. १८५९ च्या त्याच मोठ्या वादळाच्या वेळी इंग्लंडमधील क्यू वेधशाळेत छायाचित्रणाच्या कागदावर उमटलेल्या रेषांचा अभ्यास करून त्यांनी १८६१ साली त्यांचे वर्णन केले. त्यांचे कारण मात्र पुढील शतकात उलगडले. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. तो पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळतो, घासून जातो, आणि त्या आवरणात लाटा उठवतो. १९४२ साली हान्नेस आल्फव्हेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशा लाटांचे गणित मांडले. आपल्या शाहिराच्या एकतारीची तार छेडली की ती जशी आपल्या लांबीप्रमाणे आणि ताणाप्रमाणे ठरावीक सुरात कंप पावते, तशाच पृथ्वीच्या एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात जाणाऱ्या बलरेषा कंप पावतात. १९६३ पासून या स्पंदनांचे काळानुसार वर्ग पाडले जातात : नियमित स्पंदनांचे पाच आणि अनियमित स्पंदनांचे दोन. त्यांच्यावरून शास्त्रज्ञ पृथ्वीभोवतीच्या अवकाशाची स्थिती जमिनीवर बसून ओळखतात.

नानाभाईंच्या काळी हे कारण कोणाला ठाऊक नव्हते. त्यांच्यासमोर होती ती केवळ कागदावरची रेषा. कुलाब्याला आरंभी निरीक्षक डोळ्यांनी दर तासाला वाचन घेत, आणि वादळ उठले की अधिक जवळच्या अंतराने, अगदी पाच-पाच मिनिटांनीही. १८७० च्या दशकापासून तेथे स्वयंनोंदीची यंत्रे होती. अंधाऱ्या खोलीत बारीक धाग्याला टांगलेला एक लहान चुंबक, त्याला जोडलेला आरसा, आरशावरून परतणारा दिव्याचा किरण आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावर गुंडाळलेला छायाचित्रणाचा कागद, अशी त्या यंत्राची रचना असे. चुंबक किंचित वळला की किरण सरके आणि कागदावरची रेषा वाकडी होई. तासाची सारी हकिकत त्या कागदावर दीड-दोन सेंटिमीटरांत मावे. त्यामुळे मिनिटांची स्पंदने रेषेवर बारीक दातांसारखी दिसत, आणि काही सेकंदांची स्पंदने एकमेकांत मिसळून जात. अशा रेषेत खरे कोणते आणि खोटे कोणते हे सांगता येणे, यावरच सारा भरवसा होता.

आणि नेमका हा भरवसाच डळमळू लागला. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या आणि त्यांचा पहिला मार्ग कुलाब्याहूनच निघे. विसाव्या शतकाच्या तोंडावर त्या ट्राम विजेवर चालविण्याचा विचार पुढे आला. विजेच्या ट्रामला एकदिश प्रवाह लागतो. तो वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परततो, पण परतताना त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि मनाला येईल त्या वाटेने वाहतो. जेथे प्रवाह वाहतो तेथे चुंबकक्षेत्र निर्माण होते. ट्राम सुटली, थांबली, चढणीला लागली, की प्रत्येक वेळी वेधशाळेतील चुंबक हलणार. कागदावर थरथर उमटेल, पण ती पृथ्वीची असणार नाही. ती ट्रामची असेल. आणि ही दोन्ही थरथर दिसायला इतकी सारखी की एकातून दुसरी वेगळी काढणे अशक्यप्राय व्हावे. जगात इतरत्रही हेच घडत होते. कॅनडातील टोरांटोच्या वेधशाळेला १८९८ साली शहराबाहेर ॲजिनकोर्टला जावे लागले, आणि क्यूचे चुंबकीय काम १९०८ पासून स्कॉटलंडमधील एस्कडेलम्युइरला गेले.

शहराला ट्राम हवी होती, आणि तिची ती गरज न्याय्य होती. गिरणीकामगाराला, कारकुनाला, हमालाला स्वस्त आणि वेगवान वाहन मिळू नये असे कोण म्हणेल? नानाभाईंनी शहराच्या वाटेत उभे राहण्याचा मार्ग धरला नाही. वेधशाळाच हलवावी, असे ठरले. परंतु येथे एक मोठी अडचण होती. १८४६ पासून चालत आलेली मालिका कुलाब्याच्या जागेची होती. नव्या जागी चुंबकाचे मान थोडे वेगळे येणार. आज येथे बंद करून उद्या तेथे सुरू केले, तर दोन्ही नोंदी एकमेकींना जोडता येणार नाहीत, आणि तीन पिढ्यांचे श्रम एका जागी तुटून पडतील. म्हणून दोन्ही ठिकाणी एकाच वेळी, पुरेसा काळ, निरीक्षणे होणे आवश्यक होते, आणि तेही विजेच्या ट्राम सुरू होण्याच्या आत.

जागा निवडली ती अलिबागची. कुलाब्यापासून समुद्रापलीकडे सुमारे तीस किलोमीटर अंतरावरची. केरूनाना ज्या अष्टागरातून मुंबईला आले होते, त्याच अष्टागरात त्यांचे काम परत गेले.

अलिबागच्या इमारतीत नानाभाईंमधील स्थापत्यविशारद पूर्णपणे प्रकट झाला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लोहाचा अंश असतो आणि तो स्वतःच किंचित चुंबकीय असतो. चुंबकाच्या खोलीला तो चालणार नव्हता. म्हणून काठेवाडातून पोरबंदरचा वालुकाश्म मागविण्यात आला, आणि त्यात चुंबकत्व नाही याची परीक्षा करूनच तो वापरण्यात आला. खिळे, बिजागऱ्या, कड्या लोखंडाच्या नव्हत्या. त्या तांब्या-पितळेच्या होत्या. तापमान बदलले तरी चुंबकाचे बळ बदलते, म्हणून खोलीच्या आत खोली अशी रचना केली. बाहेर वैशाखाचे ऊन असो वा श्रावणाची झड असो, आतील उष्णतामान दिवसभरात जवळजवळ तेच राहावे, अशी ती योजना होती. जो आत जाईल त्याने किल्ल्यांचा जुडगा आणि खिशातला चाकू बाहेर ठेवूनच जावे, असा अशा खोल्यांचा दंडक असतो. बाहेरच्या कशाचाही स्पर्श आत पोहोचू नये आणि तरीही पृथ्वीच्या पोटातील व आकाशातील प्रत्येक हालचाल आत पोहोचावी, अशी ती वास्तू होती.

एप्रिल १९०४ मध्ये अलिबागला नियमित नोंदी सुरू झाल्या. पुढे दोन वर्षे, १९०६ पर्यंत, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी यंत्रे एकाच वेळी चालत राहिली. दोन्हींतील फरक नेमका किती, हे त्यातून ठरले, आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी सांधली गेली. मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. तोवर कुलाब्याचे चुंबकीय काम अलिबागला सुरक्षित पोहोचले होते.

नानाभाईंचे दुसरे मोठे कार्य म्हणजे १९१० साली प्रसिद्ध झालेला दोन खंडांचा ग्रंथ. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी त्यात संकलित करून त्यांची चिकित्सा केली आहे. साठ वर्षांत सव्वापाच लाखांहून अधिक तास होतात. त्या काळी गणकयंत्रे नव्हती. बेरजा, सरासऱ्या, दुरुस्त्या सारे काही हाताने आणि पुन्हा पुन्हा तपासून करावे लागे. या ग्रंथात त्यांनी अनेक चुंबकीय वादळे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, आणि वेगवेगळ्या दिसणाऱ्या या वादळांची चाल एकच असते, हे दाखवून दिले. आरंभी क्षैतिज बल एकाएकी वाढते. मग काही तास ते खोल खाली जाते. आणि त्यानंतर काही दिवस हळूहळू पूर्वपदाला येते. पुढे सिडनी चॅपमन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांनी चुंबकीय वादळांचा जो सिद्धान्त उभारला, त्याच्या पायाशी नानाभाईंच्या या कामाची गणना होते. भूकंपमापनाचे यंत्रही त्यांच्याच कारकीर्दीत कुलाब्याला बसले. १९१९ साली ते निवृत्त झाले आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्या उपनगरांकडे वळू. नानाभाई निवृत्त झाल्यानंतर सहा वर्षांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला ही विजेवरची पहिली रेल्वेगाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून पश्चिमेकडचा कुलाबा ते बोरिवली मार्ग विजेवर आला. पूर्वेकडे घाटकोपर, मुलुंडवरून जाणारा मार्गही १९३० पूर्वीच विजेवर आला होता. या गाड्याही एकदिश प्रवाहावरच चालत, आणि त्या कित्येक दशके तशाच चालत राहिल्या. या गाड्यांनीच अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड वसविले. आपले आईवडील याच गाड्यांनी कामावर गेले. गावकुसाबाहेरून आलेल्या कित्येक कुटुंबांना या लोहमार्गाच्या आधाराने शहरात पाय रोवता आला, आणि त्यांच्या मुलांना आपल्या शाळेचे दार गाठता आले. आमच्या पिढीने वसतिगृहात रात्री शेवटच्या लोकलचा आवाज ऐकून दिवे मालवले आहेत. बोरिवलीकडे येणारी विजेची गाडी ज्या कुलाब्याहून सुटत असे, त्याच कुलाब्याला चुंबकाची यंत्रे राहिली असती, तर त्या थरथरीत पृथ्वीचा आवाज कायमचा हरवला असता. नानाभाईंच्या दूरदृष्टीमुळे शहराला गाडी मिळाली आणि विज्ञानाची मालिकाही अखंड राहिली. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागला नाही.

आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अधिपत्याखाली काम करीत आहे. ही संस्था १९७१ साली कुलाबा वेधशाळेच्या परंपरेतून स्वायत्त झाली आणि आता तिचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. छायाचित्रणाच्या कागदाची जागा अंकीय यंत्रांनी घेतली आहे. पूर्वी रेषेत मिसळून जाणारी काही सेकंदांची स्पंदनेही आता वेगळी वाचता येतात. परंतु ती वाचण्यासाठी लागणारी निश्चलता त्या जुन्या, काळजीपूर्वक निवडलेल्या दगडांच्या वास्तूतच सांभाळली गेली. कुलाबा-अलिबागची ही नोंदमालिका जगातील सर्वांत दीर्घ चुंबकीय मालिकांमध्ये गणली जाते.

नानाभाईंचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आहे. रात्रपाळीला दुर्बिणीशी बसून अंक लिहिणाऱ्या साहाय्यकांची, पोरबंदरचा दगड घडविणाऱ्या पाथरवटांची, तो गलबतातून उतरविणाऱ्या हमालांची नावे तेथे नाहीत. त्यांच्यापैकी एकानेही आळसाने एखादा अंक मनाने लिहिला असता, किंवा लोखंडाचा एखादा खिळा भिंतीत ठोकला असता, तर संपूर्ण मालिकेवर संशयाची छाया पडली असती. तसे त्यांनी केले नाही. नानाभाईंना अभिवादन करताना आम्ही या अनामिकांनाही अभिवादन करतो.

आपल्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की पुढच्या वेळी चुंबकसूची हाती घ्याल, तेव्हा ती स्थिर झाली असे घाईने लिहू नका. खिशातील किल्ली बाजूला ठेवा, टेबलाला हात लावू नका, आणि आपल्या डोळ्यांना जे दिसले तेवढेच वहीत लिहा. पंधरा-सोळा वर्षांचे केरूनाना हेच करीत होते, आणि पुढे नानाभाई मूस यांनीही जन्मभर हेच केले.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.